टॉकबॅक शिकवताना आधी परत यायला शिकवा

तुम्ही लिहिलंय की बाबा ७३ वर्षांचे, रिटायर्ड मुख्याध्यापक, साताऱ्याजवळ गावी आईसोबत राहतात, काचबिंदूने गेल्या दोन-तीन वर्षांत नजर बरीच गेली. आधी व्हॉट्सॲप, यूट्यूबवरची कीर्तनं सगळं स्वतःचं स्वतः करायचे. दिवाळीत तुम्ही नवीन फोन घेतला, टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, चालू करून दिला आणि मुंबईला परत आलात, तर तिसऱ्या दिवशी फोन कपाटात, "ही बाई नुसती बडबड करते, मला आपला बटणाचा फोन आणून द्या". आणि विचारलंय की कुठलं ॲप टाकू, कुठे क्लास आहे का, का या वयात आता जमणारच नाही.

जमतं. ऐंशीच्या पुढच्या माणसांनी शिकलेलं मी बघितलंय (बघितलंय म्हणजे ऐकलंय, पण आम्ही पण बघितलंच म्हणतो). ॲप वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाका, ते सगळ्यात शेवटी.

मला लहानपणापासून दिसत नाही आणि पुण्यात बरीच वर्षं मी हेच शिकवतोय, त्यात निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे. त्यामुळे एक आधीच सांगतो, माझं आणि तुमच्या बाबांचं सारखं नाही. मी स्क्रीन कधी पाहिलेलीच नाही, माझ्याकडे विसरायला काही नव्हतं. बाबांच्या डोक्यात फोनचं चित्र पक्कं आहे, हिरवं बटण कुठे असतं, व्हॉट्सॲप कुठे असतं, आणि बोटाला सवय आहे की टेकवलं की उघडतं. टॉकबॅक नेमकी तीच सवय मोडतो. तो चालू केला की एकदा टेकवल्यावर फोन फक्त बोलतो, उघडत काहीच नाही, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं. एका बोटाने यादी सरकत नाही, दोन बोटं लागतात. म्हणजे तुम्ही नुसतं बोलणारं ॲप दिलं असं तुम्हाला वाटलं, पण बाबांच्या हातात पूर्ण वेगळ्या नियमांचं यंत्र आलं आणि नियम कोणी सांगितलेच नाहीत. चिडणार नाही तर काय करणार. मुख्याध्यापक माणूस, चाळीस पोरांना गप्प करणारा, त्याला एक फोन गप्प करता येत नाही हे किती लागत असेल बघा.

तर आता क्रमाने सांगतो, क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं म्हणजे किती आणि कसं दिसतंय ते नीट समजून घ्या. "दिसत नाही" हे फार ढोबळ झालं. काचबिंदूत साधारण कडेचं जातं आणि मधलं बरेच दिवस टिकतं, नळीतून बघितल्यासारखं. वयामुळे मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, खराब होतो त्यात उलट, मधलं जातं आणि कडेचं राहतं, म्हणजे समोरच्याचा चेहरा दिसत नाही पण चालताना खुर्चीला धडकत नाहीत. डायबेटीसवाल्यांचं ठिकठिकाणी डाग पडल्यासारखं, शिवाय सकाळी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं. याचा फोनशी थेट संबंध आहे. मॅक्युलावाल्याला अक्षर मोठं केलं की फायदा होतो. काचबिंदूवाल्याला सगळ्यात मोठा फाँट करून दिला तर त्या छोट्याशा नळीत एकच अक्षर मावतं आणि वाचणं अजून अवघड होतं. घरोघरी हेच झालेलं असतं, मुलगा येतो, फाँट फुल्ल करून जातो आणि वर विचारतो, बाबा आता तरी दिसतं ना? त्यांना मध्यम अक्षर, ठळक, आणि काळ्यावर पांढरं करून बघा, सेटिंगमध्ये कलर इन्व्हर्जन असतं. उजेड मागून खांद्यावरून यायला हवा, समोर खिडकी नको.

थोडंफार दिसत असेल तर टॉकबॅक बंद ठेवून नुसतं मॅग्निफिकेशन आणि "सिलेक्ट टू स्पीक" यावरही काम भागतं, जिथे वाचायचंय तिथेच फोन बोलतो, बाकी गप्प. पण काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली पुढे कमी होऊ शकते, म्हणून बाबांच्या बाबतीत मी आवाजावरच शिकवेन, थोडं दिसतंय तोवरच. थोडी नजर असताना शिकलेला माणूस पुढे अडत नाही. डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात लो व्हिजनचा, म्हणजे थोडीच नजर उरलेल्यांसाठीचा, वेगळा विभाग असतो, तिथे एकदा नेऊन आणा, ऑपरेशन करणारे डॉक्टर हे सगळं सांगत बसत नाहीत, त्यांना वेळ नसतो.

इथे एक आडवळणाची गोष्ट सांगून ठेवतो कारण घरचे घाबरतात. नजर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना कधीकधी नसलेल्या गोष्टी दिसतात, भिंतीवर नक्षी, अंगणात माणसं, लहान मुलं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात, १७६० साली त्या गृहस्थाने आपल्या आजोबांचं हे लिहून ठेवलं होतं. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं काढतो, डोकं फिरलेलं नसतं. बरीच माणसं वेडं ठरवतील या भीतीने बोलतच नाहीत. बाबांना आपणहून सहज विचारा, आणि काही दिसत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे दुसरं काही कारण नाही ना ते कळेल.

आता फोन. शिकवायला बसायच्या आधी तुम्ही एकटीने बसून फोन तयार करायचा, त्यांच्या समोर नाही. खाली तीन बटणांचं नेव्हिगेशन चालू करा. हल्लीचे फोन जेश्चरवर येतात, खालून वर सरकवलं की होम, आणि टॉकबॅकमध्ये तेच दोन बोटांनी करावं लागतं, म्हाताऱ्या बोटांना ते नेमकं जमत नाही. तीन बटणं असली की ती फोनच्या खालच्या कडेला कायम त्याच जागी असतात, कड बोटाला लागते, मधलं बटण होम. बॅक डावीकडे की उजवीकडे हे कंपनीप्रमाणे बदलतं, तुमच्या फोनमध्ये कुठे आहे ते बघून ठेवा. टॉकबॅकमध्ये बोट वर आणि लगेच डावीकडे नेलं की होम आणि खाली-डावीकडे नेलं की बॅक असंही आहे, पण ते काटकोनात वळणं सुरुवातीला नको, बोट तिरकं जातं आणि भलतंच काहीतरी होतं.

होम स्क्रीनचं एकच पान ठेवा आणि त्यावर चारच गोष्टी, चार कोपऱ्यांत. वर डावीकडे फोन, वर उजवीकडे व्हॉट्सॲप, खालच्या कोपऱ्यांत यूट्यूब आणि त्यांना लागेल ते. कोपरा हाताला सापडतो, मधलं काही सापडत नाही. बाकीची आयकॉन, विजेट, घड्याळ सगळं काढा. स्वस्त फोनमध्ये जाहिरातींच्या नोटिफिकेशन येत राहतात, त्या एकेक करून बंद करा, नाहीतर माणूस मुलीचा नंबर शोधत असताना मधेच फोन कर्जाची ऑफर वाचायला लागतो. बाबा "बडबड" म्हणतात त्यातली अर्धी बडबड ही असणार. टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये व्हर्बोसिटी आहे, म्हणजे त्याने किती बोलायचं ते, ती कमीवर न्या, दर वेळी "सक्रिय करण्यासाठी दोनदा टॅप करा" ऐकून कोणाचंही डोकं उठेल. फक्त पहिला आठवडा ती सूचना राहू दे, मग बंद.

आवाज. गूगलचा मराठी आवाज फुकट आहे, टेक्स्ट टू स्पीचच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसताना पण बोलेल. (आयफोन असता तर त्यात २०२२ च्या आयओएस १६ पासून मराठी आवाज आहे.) वेग कमी करा, आणि नुसता वेग नाही, स्वराची पट्टीही खाली आणा. वयाने कान जातात ते आधी उंच पट्टीचे जातात, त्यामुळे किनरा आवाज मोठा केला तरी शब्द कळत नाहीत, जरा खर्जातला लगेच कळतो. बाबांना ऐकू कसं येतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तपासाच. मी स्वतः ज्या वेगाने ऐकतो तो ऐकून लोकांना वाटतं रेडिओचं स्टेशन बिघडलंय, म्हणून डोळस नसलेल्या शिक्षकाकडे पाठवलंत तरी आधी वेग कमी करायला सांगा, आमच्यातले बरेच जण विसरतात.

अजून एक, टॉकबॅकचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगवेगळे असतात. टॉकबॅक बोलत असताना व्हॉल्यूमचं बटण दाबलं की टॉकबॅकचाच आवाज कमी होतो. कोणीतरी नकळत तो अगदी तळाला नेतं आणि मग "फोन मेला" असा निरोप येतो. आईला हे दाखवून ठेवा. आणि व्हॉल्यूमची दोन्ही बटणं तीन सेकंद धरली की टॉकबॅक चालू-बंद होतो, तो शॉर्टकट सेटिंगमधून चालू करून आईला शिकवा, तिला फोन हवा असेल तेव्हा ती बंद करेल, पण परत चालू करून ठेवायचा हा नियम. घरात एकच स्मार्टफोन असेल तर शिकणं होत नाही, सरळ सांगतो, आईसाठी वेगळा बघा.

कॉन्टॅक्ट साफ करा. सुनील, सुनील न्यू, सुनील जिओ, सुनील आणि पुढे बदाम. टॉकबॅक तो बदाम पण वाचतो. देवनागरीत नावं टाका, बाबा ज्या नावाने हाक मारतात ती, ठमी असेल तर ठमी. मग "ओके गूगल, ठमीला फोन लाव" हे पण जमायला लागतं.

लॉकसाठी बोटाचा ठसा, तोच अंगठा दोन-तीनदा नोंदवून, कारण वयाने ठसे झिजतात आणि फोन ओळखत नाही. पिन टाकायला लावू नका सुरुवातीला.

हे झालं की शिकवणं. आणि इथे माझं मत पक्कं आहे, ज्याला त्याला पटत नाही. बहुतेक जण शिकवताना जायचं कसं ते शिकवतात, हे दाबा मग ते येईल, ते दाबा मग हे येईल. मी पहिले काही धडे फक्त परत यायला शिकवतो. आपला माणूस परक्या गावी एसटीतून उतरला की आधी परतीची गाडी कितीला आहे ते विचारतो आणि मगच बिनघोर फिरतो, तेच इथे आहे. नजर गेलेल्या माणसाला फोनची भीती नसते, आपण कुठेतरी भलत्या ठिकाणी अडकू, चुकून कोणाला तरी फोन लागेल, काहीतरी डिलीट होईल, आणि मग कोणाला तरी हाक मारावी लागेल, याची भीती असते. होमचं बटण हाताला पक्कं झालं की ती निम्म्याने कमी होते.

कसं करायचं सांगतो. फोन हातात द्यायचा नाही, टेबलावर सपाट ठेवायचा, खाली रबराची जाळी नाहीतर ओला करून पिळलेला नॅपकिन, म्हणजे सरकत नाही. एका हातात धरून दुसऱ्याने टॅप करणं ही दोन कामं आहेत, एका वेळी एकच शिकवा. चार्जिंगचं भोक आपल्या पोटाकडे. मग त्यांना खालची कड शोधू द्या, मधोमध थोडं वर बोट टेकवा, फोन "होम" म्हणेल, आता दोनदा टॅप. हे दहा-बारा वेळा. मग तुम्ही मुद्दाम फोन कुठेतरी नेऊन ठेवा, सेटिंगमध्ये, कॅमेऱ्यात, कुठेही, आणि सांगा, या परत. कुठे आहोत ते कळायची गरज नाही, फक्त परत यायचं. मास्तर लोकांना हा खेळ आवडतो, त्यात हरवणारा कोणीतरी दुसरा असतो आणि सोडवणारे ते असतात. कंटाळा येईपर्यंत खेळा. खरंच कंटाळा यायला पाहिजे.

डबल टॅपमध्ये एक गंमत आहे जी डोळस लोकांना सांगूनही लक्षात राहत नाही. बोटाने आयकॉन सापडला, फोन "व्हॉट्सॲप" म्हणाला, की ते निवडलं गेलं. आता बोट उचलून स्क्रीनवर कुठेही दोनदा टॅप केलं तरी चालतं, त्याच जागी करायची गरज नाही. बाबा नक्कीच त्याच जागेवर नेम धरून मारत असणार आणि नेम चुकला की दुसरंच निवडलं जाणार. एकदा हे कळलं की चिडचिड एकदम उतरते. टॅप हळू पडतात किंवा हात थरथरतो असं असेल तर दुसरा प्रकार आहे, एक बोट आयकॉनवर तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने शेजारी कुठेही एकदा टॅप करायचं, त्यानेही उघडतं. डायबेटीसवाल्यांना बोटांची संवेदना कमी झालेली असते त्यांना हे जास्त सोपं जातं. कोरड्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, हात धुऊन पुसून बसवा, पंखा जरा कमी, कारण आवाज ऐकायचाय.

त्यांचं बोट धरून इकडे तिकडे नेऊ नका. डोळस माणसं पटकन मनगट पकडतात. हात पकडलेल्या माणसाला हालचाल कळत नाही, फक्त ओढलं गेल्याचं कळतं. उलट करा, तुमचा हात स्क्रीनवर ठेवा आणि त्यांचा तुमच्या हातावर ठेवायला सांगा, म्हणजे तुमचं बोट काय करतंय ते त्यांना लागेल आणि नको वाटलं की ते हात काढून घेऊ शकतात. आणि "इथे दाबा", "ते वरचं" असं बोलणं बंद. "खालच्या कडेपासून एक पेर वर" असं बोला.

वेळ सकाळचा चहा झाल्यावर, वीसेक मिनिटं. जेवणानंतर नको. ऐकून शिकण्यात डोकं फार दमतं, तुम्हाला ते कळत नाही कारण तुम्ही बघता. रोज थोडं हे रविवारी तीन तासांपेक्षा कितीतरी बरं, आणि तुम्ही मुंबईत आहात तर रोजचं काम आईने किंवा शेजारच्या कोणा कॉलेजच्या पोराने करायचं. नातवाला बसवणार असाल तर त्याला आधी एक दिवस डोळ्याला रुमाल बांधून तोच फोन वापरायला लावा, नाहीतर तो भराभर बोलत सुटतो. धडा लिहून ठेवून उपयोग नाही, आईच्या फोनवर आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, "फोन घ्यायचा कसा", एकेक मिनिटाचं एकेक.

परत येणं जमलं की पहिलं काम एकच निवडा, आणि ते तुम्ही नाही, बाबा निवडतील. आपल्याला वाटतं त्यांना बातम्या हव्यात, औषधाची आठवण हवी. माझ्याकडे एक आजी यायच्या, घरच्यांनी हौसेने हरिपाठ, आकाशवाणी सगळं लावून दिलेलं, आजींचं कशातच लक्ष नाही. दोन-चार दिवसांनी सून बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, मला माझ्या बहिणीला फोन लावता आला पाहिजे, माझा मी. नंबर लावायला सुनेला सांगायचं म्हणजे सुनेसमोरच बोलायचं. त्यात सगळं आलं. पुढच्या आठवड्यात आजी शिकल्या, आणि इतक्या दिवसांत ज्यांना डबल टॅप जमत नव्हता त्यांना तो बरोब्बर जमला. हरिपाठ त्यांनी अजून लावलेला नाही.

बाबांना विचारा, पण सरळ विचारू नका, कोणालाही सरळ विचारलं की "मला काही नको" हेच उत्तर येतं. कोणाशी बोलायचं राहिलंय, कुठलं कीर्तन ऐकायचं राहिलंय, असं बोलता बोलता काढा.

फोन उचलणं हे मात्र लवकर शिकवा, कारण वाजणारा फोन उचलता आला नाही की बाकी सगळी मेहनत वाया. नवीन टॉकबॅकमध्ये दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की फोन उचलला जातो आणि तसंच केलं की बंद होतो. काही फोनमध्ये व्हॉल्यूमच्या वरच्या बटणाने उचलायची आणि पॉवर बटणाने ठेवायची सोय असते, ती असेल तर चालूच करा, खरं बटण ते खरं बटण.

व्हॉट्सॲपचं काम बाबांपेक्षा बाकीच्यांना जास्त करायचंय. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि सुविचार यांचे जे फोटो पडतात ते टॉकबॅकला नुसते "फोटो" म्हणून दिसतात, बावीस फोटो, झालं. सगळ्या काका-मामांना सांगा की बाबांना व्हॉइस मेसेज पाठवा नाहीतर चार ओळी टाइप करा. बाबांनी पण उत्तर आवाजातच द्यायचं. जिथे दाबून धरायचं असतं तिथे टॉकबॅकमध्ये दुसऱ्या टॅपला बोट तसंच धरून ठेवायचं, हे एक जेश्चर तेवढं नंतर शिकवा. टायपिंग शिकवत बसू नका, कीबोर्डवर माइकचं बटण आहे, मराठी बोललेलं छान उमटतं, थोड्या चुका असतात त्या वाचणारा समजून घेतो.

आणि सगळ्यात अवघड तुमच्यासाठी आहे. ते अडखळले की "द्या इकडे, मी करून देते" म्हणायचं नाही. हात मांडीखाली ठेवून बसा. मी घरी शिकवायला जातो तेव्हा घरच्यांना चहा करायला पाठवतो, त्याचं खरं कारण हे.

आता ॲप, तुम्ही विचारलेलंच आहे. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, फुकट, नेट नसताना चालतं. नोट किती रुपयांची ते सांगतं, खरी की खोटी ते सांगत नाही, हे लक्षात ठेवा. पण भाजीवाल्यासमोर कोण कॅमेरा धरून उभं राहतंय. त्यापेक्षा हात शिकवा. नवीन नोटांची रुंदी पन्नासपासून वर सगळ्यांची ६६ मिलिमीटर, लांबी मात्र वेगळी, पन्नासची १३५, शंभरची १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटर नुसत्या बोटाला कळत नाहीत, म्हणून एक पुठ्ठा कापून त्यावर खाचा करून खिशात ठेवा. नोटेच्या दोन्ही कडांना उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभरला चार, दोनशेला चार आणि मधे दोन गोल, पाचशेला पाच, पण जुन्या नोटेत त्या झिजलेल्या असतात. सगळ्यात खात्रीचं म्हणजे घरून निघतानाच पाचशेची सरळ, दोनशेची एक घडी, शंभरची दोन घड्या असं ठेवायचं.

छापील मराठी वाचायला गूगल लेन्स. बी माय आईज नावाच्या ॲपवर २०१५ पासून कोणीतरी स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवर येऊन समोर काय आहे ते सांगतो, पण अनोळखी माणसाला घर दाखवायला आपले लोक कचरतात, आणि बँकेचे कागद, कार्ड तिथे दाखवायचं नाहीच. ही सगळी दोन-तीन महिन्यांनी. पुस्तकांची आवड असेल तर सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन वाचनालय आहे, २०१६ ला सुरू झालं, छापील वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे, सभासद व्हावं लागतं.

पैशांचं, यूपीआय वगैरे, मी घाई करत नाही. टॉकबॅक ओटीपी मोठ्याने वाचतो, दुकानात सगळ्यांना ऐकू जातो. एकाच कानात इअरफोन घालायची सवय लावा (दोन्ही कानांत नको, आजूबाजूचं ऐकू यायला हवं) आणि स्क्रीन झाकायचा पर्याय टॉकबॅकच्या मेनूमध्ये आहे तो चालू करा, आपल्याला दिसत नसलं तरी शेजारच्याला दिसतं. "आज रात्री वीज तोडणार", "केवायसी संपलं" असले फोन आले की काय करायचं हे ॲप शिकवायच्या आधी ठरवा, आमच्याकडे नियम असा की पैशांबद्दल आलेला फोन ठेवायचा आणि आपण स्वतः मुलीला लावायचा. फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, तो नंबर कॉन्टॅक्टमध्ये आत्ताच टाकून ठेवा. बँकेत "तुम्हाला दिसत नाही, चेकबुक मिळणार नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकातच सांगितलंय, चेकबुक, एटीएम, लॉकर यातलं काहीही नजरेच्या कारणाने नाकारता येत नाही.

बटणाचा फोन मागतायत तर द्या ना. यात हार मानण्यासारखं काही नाही. आकडे बोलणारा घ्या, पाचच्या बटणावर उठाव असलेला, आणि बोलण्यासाठी तो, कीर्तनासाठी स्मार्टफोन, असं वर्षभर चाललं तरी चालेल. काही जण तिथेच थांबतात आणि मजेत असतात.

आणि या सगळ्यात फोनच्या बाहेरचं पण करा, ते जास्त लवकर उपयोगी पडतं. हार्डवेअरच्या दुकानातून एम-सील आणा, मळून त्याचे मुगाएवढे ठिपके करा, एक गॅसच्या बटणावर बंदच्या खुणेपाशी, एक टीव्हीच्या रिमोटवर, एक मिक्सरवर, एक फोनच्या कव्हरवर खालच्या कडेला मधोमध, म्हणजे होमचं बटण कुठे आहे ते कव्हरच सांगेल. काचबिंदूचे ड्रॉप दोन-तीन प्रकारचे असतील, बाटल्या हाताला सारख्याच लागतात, सकाळच्याला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन. यात चूक परवडणारी नाही, हे पहिल्याच दिवशी करा.

क्लासचं. मुंबईत वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) आहे, १९५२ पासूनची संस्था, आणि सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन. तुम्ही मुंबईत आहात तर आधी तुम्ही स्वतः जाऊन चौकशी करा, फोनवर काय शिकवतात, बाहेरगावच्या माणसाला काय सोय आहे ते विचारा. गावाहून बाबांना रोज नेणं होणार नाही, त्यामुळे दोन दिवस तुम्ही शिकून घेणं आणि मग बाबांना शिकवणं हे जास्त जमेल. जाताना यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, पण विचारा. काचबिंदूवाल्यांना बऱ्याचदा सांगितलं जातं की तुम्हाला तक्त्यावरची अक्षरं दिसतात, मग कसलं अपंगत्व. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नुसती अक्षरं नाहीत, नजरेचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती लो व्हिजन आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरतात. म्हणून सर्टिफिकेटला जाताना फील्ड टेस्टचा, म्हणजे नजरेच्या क्षेत्राच्या तपासणीचा, रिपोर्ट बरोबर न्या, तो फाइलमध्ये असेलच, काचबिंदूच्या पेशंटची ती टेस्ट अधूनमधून करतातच.

फोन कपाटातून काढताना बाबांना काही न सांगता काढा, तयार करा, आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एखादं कीर्तन वाजत असतानाच समोर टेबलावर ठेवा. पहिल्या दिवशी फक्त होमचं बटण.